बेसच्या डब्याचे चार पाय

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सोयगाव वसलेले आहे. घाट उतरून आलेला प्रवासी जिल्ह्याच्या हिशेबाने मराठवाड्यातच असतो. पण बोली, बाजार आणि सोयरीक यांची ओढ शेंदुर्णी, पाचोरा, जामनेर या खानदेशी गावांकडे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. काळी जमीन, कपाशी आणि मका यांवर येथील बाजारपेठ चालते, आणि हंगामाचा पैसा हातात आला की लग्नसराई सुरू होते.

लग्नसराई म्हटली की मंडप आला आणि मंडपामागोमाग साऊंड आला. संध्याकाळी पिकअप मैदानात शिरते, चार-पाच पोरे फाळका उघडतात आणि कपाटाएवढे काळे डबे उतरू लागतात. ज्यांना सारा महाराष्ट्र ‘बेस’ म्हणून ओळखतो, तेच हे डबे. एकेका डब्यात अठरा इंची दोन स्पीकर, म्हणून त्यांचे बाजारातले नाव ‘डबल अठरा’. वजन ८० ते १०० किलोच्या घरात. डबा जमिनीवर टेकतो, एका बाजूला किंचित कलतो, आणि कोणीतरी हुकूम सोडतो, “वीट सरकव रे खाली!” पोरगा वीट आणतो, ती अर्धी तुटलेली असते, तरी काम भागते. ज्या यंत्रावर मालकाने कर्ज काढलेले असते, त्याचा सारा भार त्या रात्री अर्ध्या विटेवर असतो.

डब्याला पाय बसवणे ही बाब इतकी किरकोळ वाटते की तिचा विचार डबा तयार झाल्यावर, रंग वाळल्यावर आणि बहुतेक वेळा पहिले भाडे मिळाल्यावर होतो. चांगल्या रबरी पायांच्या जोडणीचा खर्च डब्याच्या किमतीच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. असा खर्च टाळण्यातच हुशारी आहे, असे मानणारे व्यापारी आपल्यात कमी नाहीत.

वस्तू जमिनीपासून उचलून ठेवण्याचे शहाणपण मात्र आपल्या घरादारांत जुने आहे. जुन्या वाड्यातला सागवानी खांब कधी थेट जमिनीत रोवलेला आढळत नाही. त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. सुताराला ठाऊक होते की लाकूड ओल पिते ती मुख्यतः आपल्या उभ्या रेषांच्या टोकाकडून, म्हणजे नेमकी जमिनीला टेकलेल्या बाजूने. धान्याच्या गोदामात पोत्यांखाली लाकडी फळ्या नसतील तर तारण-मालाची तपासणी करणारा बँकेचा अधिकारी पहिला शेरा त्यावरच मारतो. पोत्यांची थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून चार बोटे वर हवी, ही गोष्ट आडतीच्या धंद्यात वाढलेल्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. तोच मुलगा मोठा होऊन साऊंडचा धंदा काढतो आणि डबे मात्र ओल्या मातीवर टेकवतो.

डबा प्लायवूडचा असतो, बहुधा १८ मिलिमीटर जाडीचा. प्लायचा पृष्ठभाग रंगाने झाकला जातो, पण खालच्या कडा उघड्या राहतात किंवा फरपटण्याने उघड्या पडतात. गणेशोत्सव भाद्रपदात येतो, तेव्हा काळी जमीन पाण्याने टम्म असते. दोन पावसाळे गेले की खालची कड फुगते, थर सुटू लागतात आणि डबा आतून खुळखुळतो. आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लाय पाण्याला पुष्कळ काळ दाद देत नाही, परंतु तेही कायम चिखलात ठेवण्यासाठी नव्हे. ओल्या तळाशी वाळवी आणि किडे जमतात. मग विषारी फवारणी आली, जी जैन घराला मनापासून नको असते. डब्याखाली इंचभर मोकळी जागा असली तर केरसुणी फिरते, वारा खेळतो आणि खाली काय चालले आहे ते वाकून दिसते.

ओल हे पायांचे पहिले कारण झाले. दुसरे कारण डब्याच्या पोटात आहे.

आज आपण वापरतो त्या जातीचा, चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा स्पीकर अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली जगापुढे मांडला. शंभर वर्षांत त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही. कागदी शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. शंकूने हवेला आणि स्वतःच्या वजनाला पुढे ढकलले की तेवढाच धक्का चुंबकाला, म्हणजे डब्याला, मागे बसतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला आहे. अठरा इंची स्पीकरचा हलणारा भाग साधारण पावशेर, म्हणजे २०० ते २५० ग्रॅम. दोन स्पीकर मिळून अर्धा किलो धरा आणि डबा १०० किलोचा. प्रमाण एकास दोनशे. शंकू १० मिलिमीटर पुढे गेला तर मोकळा डबा ०.०५ मिलिमीटर मागे सरकेल. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा जास्त नाही. मग काळजी कसली?

काळजी संख्येची आहे. ढोलाच्या ठोक्याची खोल धून सेकंदाला ५० कंपनांच्या आसपास असते. ती सलग वाजली तर तासाला १,८०,००० हेलकावे होतात. गुळगुळीत फरशीवर बिनपायाचा डबा अशा वेळी हळूहळू ‘चालू’ लागतो; रात्री आठ वाजता भिंतीला समांतर ठेवलेला डबा अकरा वाजता तिरका दिसतो आणि पोरे एकमेकांना विचारतात की कोणी हलवला. शिवाय उघडे लाकूड फरशीवर थरथरले की त्याचा स्वतःचा एक घर्रघर्र आवाज निघतो. मालक समजतो स्पीकर फाटला, आणि चांगला स्पीकर दुरुस्तीला जातो.

यावर उपाय रबराचा, हे सर्वांना कळते. रबर किती मऊ असावे, येथे मात्र गोंधळ होतो. मऊ म्हणजे चांगले असा समज आहे. हिशेब जरा वेगळा सांगतो. वजन ठेवल्यावर रबर जितके दबते त्यावरून त्या जोडणीची स्वतःची झोके घेण्याची गती ठरते. वजनाखाली रबर ०.१ मिलिमीटर दबले तर ही गती सेकंदाला सुमारे ५० येते, १ मिलिमीटर दबले तर सुमारे १६ आणि ४ मिलिमीटर दबले तर ८. आता पहा: कडक रबराचा पाय जेमतेम ०.१ मिलिमीटर दबला, तर त्याची गती नेमकी बेसच्या ठोक्याशी जुळते. झोपाळ्याला योग्य क्षणी ढकलत राहावे तसा डबा प्रत्येक ठोक्यासरशी अधिक हलतो. कंपन अडवायचे असेल तर पायाची गती संगीतातल्या सर्वांत खोल सुरापेक्षा पुष्कळ खाली हवी. सुराची गती पायाच्या गतीच्या १.४ पट झाल्यावरच अडवणूक सुरू होते, त्याआधी रबर मदत करण्याऐवजी त्रासच वाढवते. त्यात हलत्या भाराखाली रबर अधिक ताठ वागते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा या हिशेबापेक्षा थोडा वरच राहतो.

म्हणजे पाय विकत घेताना डब्याचे वजन दुकानदाराला सांगायला हवे. १०० किलोचा एक डबा चार पायांवर उभा असेल तर प्रत्येक पायावर २५ किलो येतात. त्यावर दुसरा चढला की ५०, तिसरा चढला की ७५. एका डब्यासाठी जे रबर बेताचे, ते तिघांच्या थप्पीखाली चेपून पसरते. उलट थप्पीसाठी घेतलेले कडक रबर एकट्या डब्याखाली दगडासारखे राहते. आपल्याकडील मैदानी कामांत थप्पी अटळ असल्याने डब्याला कायमचे बसवायचे पाय कडकच असावेत. ज्या रात्री मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर काम असेल आणि खालच्या मजल्याला हादरे द्यायचे नसतील, त्या रात्री फक्त तळच्या डब्याखाली जाड मऊ गाद्या टाकाव्यात. एकाच पायाकडून दोन्ही कामे होत नाहीत. मऊ पायांवर तीन डब्यांची थप्पी उभी करणे तर शुद्ध अविचार आहे.

आता सुताराच्या दुकानात जाऊ, कारण पायाचे खरे भवितव्य तेथे ठरते. चांगल्या रबरी पायाच्या पोटात पोलादी वायसर ओतलेला असतो. तो नसेल तर स्क्रूचे डोके रबर फाडून आरपार निघते आणि पाय पिकअपच्या तळाशी सापडतो, डबा दुसरीकडे. पाय कोपऱ्याजवळ हवा, पण इतका नव्हे की स्क्रू प्लायच्या कडेत शिरावा. कडेत शिरलेला स्क्रू थर फोडतो. दोन इंच आत ही सोयीची जागा, कारण तेथे उभी फळी किंवा आतली लाकडी पट्टी बहुधा जवळ असते आणि भार सरळ तिच्यावर उतरतो. तळाच्या मध्यावर पाय ठोकणारे कारागीरही आहेत. तेथे प्लाय ढोलाच्या चामड्यासारखे लवचिक असते, आणि डबा मग स्वतःच वाजतो.

स्क्रूची लांबी हा बारीक पण महाग पडणारा मुद्दा. प्लाय १८ मिलिमीटरचे, तर स्क्रू लाकडात १४-१५ मिलिमीटरच जावा. तो आरपार गेला की डब्याला भोक पडले. बेसचा डबा हे हवेचे मोजमाप केलेले भांडे आहे; त्याच्या आतल्या आकारमानावर आणि हवेच्या तोंडावर त्याचा सूर ठरलेला असतो. बारीक भोकातून दाबाची हवा शिटीसारखी सुटते. पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी तीन मिलिमीटरचे भोक पाडून घेतले तर प्लाय फुटत नाही. ही दोन मिनिटे वाचवण्यासाठी थेट मशिन लावणारा कारागीर स्वस्त पडत नाही.

वारंवार उचल-ठेव होणाऱ्या डब्याला स्क्रूपेक्षा बोल्ट आणि टी-नट बरे. टी-नट आतल्या बाजूने बसवायचा, म्हणजे बोल्ट आवळताना त्याचे दात लाकडात अधिक रुततात. बाहेरून बसवला तर तोच बोल्ट त्याला उपटून काढतो. भोकाभोवती सिलिकॉनचा पातळ लेप द्यावा, बोल्टखाली स्प्रिंग वायसर घालावा. तरीही हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतातच. पहिल्या तीन-चार कामांनंतर पाना फिरवणे आणि पुढे दर हंगामाच्या आरंभी फिरवणे, एवढी शिस्त पुरते. नुसत्या सरसाने चिकटवलेले पाय पहिल्या फरपटीत निघतात, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. चाकांचेही थोडक्यात: ती डब्याच्या पाठीला असावीत, डबा आडवा करून न्यावा आणि उभा केल्यावर भार पायांवर यावा. चाकांवरच वाजणारा डबा खडखडतो आणि उतारावर घसरतो.

हे सगळे फायद्या-तोट्याचे झाले. एका बाबतीत मात्र गोष्ट हिशेबाच्या वहीबाहेर जाते.

तीन डबे एकावर एक रचलेले आहेत असे धरा. प्रत्येकी ६० सेंटिमीटर उंच, ७५ सेंटिमीटर खोल, एकूण वजन ३०० किलो. एवढा डोंगर कोण पाडणार, असे वाटते. पण स्पीकरची चुंबके पुढच्या बाजूला असतात, म्हणून वजनाचा मध्य डब्याच्या मध्यापासून पुढे सरकलेला असतो. तो १० सेंटिमीटर पुढे धरू. पाय कडेपासून साडेसात सेंटिमीटर आत बसवले असतील तर वजनाचा मध्य आणि पुढचे पाय यांत अंतर उरते अवघे २० सेंटिमीटर. दीड मीटर उंचीवर, म्हणजे माणसाच्या खांद्याशी, मागून ४० किलोचा रेटा आला की ही थप्पी पुढे कोसळू शकते. रबर घसरू देत नाही, म्हणून ती सरकत नाही, उलटतेच. आता पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत पुढचे दोन पाय ५ सेंटिमीटर रुतले तर काय होईल? थप्पी पुढे कलते, वजनाचा मध्य आणखी साडेसात सेंटिमीटर पुढे येतो, आणि तोच रेटा २५ किलोवर उतरतो. नाचणाऱ्या दोन पोरांची पाठ लागली तरी पुरे. आणि या डब्यांच्या पुढ्यात, अगदी जाळीला हात लावून ठोका अनुभवण्यासाठी, नेहमी कोण उभे असते ते प्रत्येक लग्नात दिसते: वऱ्हाडातली सहा-सात वर्षांची मुले.

पाय का रुततात, याचाही हिशेब सोपा आहे. ३८ मिलिमीटर व्यासाच्या पायाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस सेंटिमीटर. थप्पीतले ७५ किलो त्यावर आले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास ७ किलोचा दाब पडतो. ओली काळी माती एवढा भार पेलत नाही. म्हणून मैदानात पायांखाली जाड फळी हवीच, गोदामातल्या पोत्यांखाली असते तशी. दोन्ही पायांखालून जाणारी, दोन हात लांब आणि वीतभर रुंद फळी दाब इतका वाटून घेते की मातीवर खूणही उमटत नाही. पिकअपमध्ये तशा चार फळ्या कायम असाव्यात. वरच्या डब्याचे पाय खालच्या डब्याच्या माथ्यावरील वाट्यांत बसतील अशी रचना करून घ्यावी, म्हणजे हादऱ्यांनी वरचा डबा सरकत नाही. शिवाय पूर्ण थप्पीला मागून पट्टा आवळून तो ट्रसला किंवा गाडीला बांधावा. विटांवर तोललेल्या थप्पीला पट्टाही वाचवत नाही.

घरात वाजणाऱ्या लहान बेसची गोष्ट निराळी. हल्ली टीव्हीबरोबर असा एक डबा पुष्कळ घरांत आला आहे. काहींचे तोंड खाली जमिनीकडे असते. त्यांना पायांची उंची म्हणजे श्वासाची जागा. हवेच्या गोल तोंडाचा जेवढा व्यास, त्याच्या निदान पाव भागाएवढी फट खाली हवी. १५ सेंटिमीटरच्या तोंडाला पावणेचार सेंटिमीटर. त्याहून कमी झाली की हवा फुसफुसते. ज्या डब्यांचे तोंड समोर असते त्यांना एखादा इंच उंच केल्याने बेस वाढतो, हा मात्र भ्रम आहे. सेकंदाला ४० कंपनांच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला इंचाची दखल नाही. परदेशी चित्रांत दिसणारे टोकदार पोलादी पाय गालिच्याच्या घरांसाठी आहेत. शहाबादी फरशीवर किंवा नव्या टाइल्सवर ते ओरखडे तेवढे देतात. काळ्या रबराचा डागही पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर कायमचा उठतो, तेथे खाली पातळ काचेचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवावा.

या धंद्यातल्या बऱ्याच तरुणांनी मुद्रा योजनेतून कर्ज घेतलेले असते. ही योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. कागदावर यंत्रसामग्रीचा घसारा दरसाल १५ टक्क्यांनी धरला तर लाखाचा डबा चार वर्षांनी सुमारे ५२ हजारांचा राहतो. गिऱ्हाईक मात्र वही पाहत नाही. ते डबा आडवा करून तळ पाहते. तळाची कड फुगलेली, कोपरे झिजलेले आणि पायांच्या जागी चार खड्डे असतील तर ५२ हजारांतले निम्मेही हातात पडत नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतात.

पायांनी सुटत नाही असाही एक प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीची १०० मीटरची जागा शांतता क्षेत्र. ही मोजणी ज्या ‘ए’ मापाने होते, ते माणसाच्या कानाच्या सवयीनुसार खोल सुरांना कमी गुण देते. सेकंदाला १०० कंपनांचा सूर त्यात सुमारे १९ डेसिबलने कमी मोजला जातो, ५० कंपनांचा तब्बल ३० डेसिबलने. म्हणून पोलिसांच्या यंत्रावर आकडा बेताचा दिसतो आणि त्याच वेळी शेजारच्या घरातली खिडकीची काच, फडताळातली भांडी आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याची छाती थरथरत असते. मऊ गाद्या टाकल्याने जमिनीतून जाणारा हादरा कमी होतो. हवेतून जाणारी लाट भिंत ओलांडून जातेच. तिला एकच पाय लागू पडतो, आणि तो आवाजाच्या खुंटीवरचा हात आहे. लग्नघरचा यजमान साऊंडवाल्याला सुपारी देतानाच याविषयी बोलला तर बोलण्याला वजन राहते. वरात दारात आल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही.

दहा वाजतात. आवाज थांबतो, वायरी गुंडाळल्या जातात. पोरे थप्पी उतरवतात, एकेक डबा आडवा करतात, तेव्हा तळाला चिकटलेली माती फडक्याने पुसून घ्यावी आणि हाताने चारही बोल्ट हलवून पाहावेत. एखादा फिरला तर पाना तेथेच असतो. मग फळ्या झटकून सर्वांत शेवटी गाडीत टाकायच्या, कारण दुसऱ्या गावी त्याच आधी लागतात.